पॉइंट आठ

ग्लेनिस म्हणते, पर्समधलं बँकेचं कार्ड काढ.
बोटांत धर. वाकव.
एवढीच जाडी. पॉइंट आठ मिलिमीटर.
एवढ्याच्या आत बसून तू रोज
साठच्या वेगाने हॉस्पिटलात जातेस, कारियाद.

इथे सगळ्यांनाच कारियाद म्हणतात,
पोस्टमनला, मांजराला, नापास झालेल्या गाडीला.

गाडी नापास झाली डाव्या उंबऱ्यावर.
दाराखालच्या पट्टीला मी आपली उंबरा म्हणत होते,
इंग्रजीतही तेच म्हणतात, हे नंतर कळलं.
लानेथ्लीच्या खाडीचं खारं वारं,
हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ,
अठरा वर्षं.
तपासनिसाने छोटी हातोडी मारली
आणि हातोडी आत गेली. भस्.
गॅरेजवाला म्हणाला, चारशे ऐंशी पौंड.
वर्गाची फी नव्वद.

म्हणून मंगळवारी सहा ते नऊ,
जिथे एके काळी कल्हईचा पत्रा निघायचा
त्या कारखान्याच्या उरलेल्या एका शेडमध्ये
पाच पोरं, एक निवृत्त पाद्री आणि मी.

पहिला आठवडा: भोक.
दुसरा आठवडा: मोठं भोक.
पत्रा आधी लाल, मग पांढरा, मग नाहीच.
बुजवायला जावं तर कड आणखी मागे सरकते.
भोकाच्या मागे लागू नकोस, ग्लेनिस ओरडते,
थांब. हात ठेववतो का बघ. मग पुढचा.
एक टाका इथे. एक लांब, पार तिकडे.
मग मधे. मग पुन्हा दुसऱ्या टोकाला.
सलग ओढलंस की पत्रा पापडासारखा वर येतो.
मागून तांब्याची पट्टी धरायची,
तांबं सगळी आच पितं आणि कशालाच चिकटत नाही.
आमच्या वसुमामासारखं.
घरातली भांडणं तो अशीच प्यायचा.

कान दे, ती म्हणते,
बरोबर आवाज बेकन तळल्यासारखा.
मी बेकन कधी तळलेलं नाही.
मला ऐकू येते मोहरी,
तेल नेमकं तापल्यावरची, एकसारखी.
फाट्‌फाट् झाली तर वायर जास्त सुटतेय.

दिवसा मी हाडांचे फोटो काढते.
शिशाच्या काचेआडून सांगते, श्वास रोखा. सोडा.
एकवीस वर्षं तडे दाखवते आहे.
जोडणारे दुसऱ्या मजल्यावर असतात,
लिफ्टमध्ये भेटतात, हवेबद्दल बोलतात.
इथेही काळी काच, इथेही श्वास रोखलेला.
सोडा म्हणायचं माझं मलाच सुचत नाही,
पाद्रीबाबा खांद्यावर टकटक करतात.

तिसऱ्या आठवड्यात मनगटावर ठिणगी पडली,
हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या बोटभर जागेत.
आई फोनच्या पडद्याला नाक लावून:
हा कसला गं डाग?
काय सांगू.
फुटक्या भांड्याला लावतात तोही डाग,
चटक्याचा उरतो तोही,
आणि माझ्या तिकिटासाठी तू विकलेस
ते चार, तेही डागच.
म्हटलं, नवा केलाय. लहानसा आहे. सोन्याचा नाही.
ती हसली नाही. हळद लाव म्हणाली.

सहाव्या आठवड्यात खरा उंबरा कापायला घेतला.
चकचकीत धातू लागेपर्यंत काप, सांगितलं होतं.
वाटलं, चार बोटं.
दोन वीत निघालं. चांगला पत्रा फार आत होता.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा साचा,
त्यावरून नवा तुकडा, कानशीने तीनदा घासून बसवलेला.
अठ्ठेचाळीस टाके,
कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखे.
ग्लेनिसने ग्राइंडर पुढे केला, मग मागे घेतला.
राहू दे. रंगाखाली जाणारच आहे.
दिसायला बरं व्हावं म्हणून पातळ कशाला करतेस?

तपासनीस तोच. हातोडी तीच.
डावीकडे: ठण्.
जरा पुढे, पुन्हा: ठण्.
माझ्याकडे न बघता
तो उजव्या बाजूला गेला, गुडघे टेकून वाकला.

भस्.